शेवटी उरलेली अक्षरं

बशीतला चहा फुंकून कोकिळा तो मारोतरावांच्या ओठांशी नेत होती, आणि ते बोलले. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात फळ्यापाशी उभे असताना त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदमच गेली. पुढं पायात थोडा जीव आला. काठी आणि भिंत धरून ते ओसरीतल्या आरामखुर्चीपर्यंत येऊ लागले. वाचा काही आली नाही. घशातून एक घुसमटलेला आवाज निघायचा, आणि त्यावरून तहान, लघवी, पाठीला टोचणारी उशी, सगळं तिनं ओळखायचं. आणि आता होळी तोंडावर आलेली असताना, रस्त्यानं जिनिंगकडे जाणाऱ्या बैलबंड्यांमधून कापसाचे पुंजके उडत असताना, अशा एका कुठल्याही सकाळी त्यांनी डाव्या हातानं बशी बाजूला सारली, तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "झो."

चहा हिंदकळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. भाजल्याचं तिला पुष्कळ वेळानं कळलं.

"काय म्हनलं?"

"झो," ते म्हणाले. ओठ ओले करून पुन्हा म्हणाले, "झो. झो."

ती खालीच बसली, फरशीवर, त्यांच्या पायांशी. तोंड एका बाजूला ओढलेलं, जिभेला वळण उरलेलं नाही, मग ज चा झ होणारच. पण तिला ऐकू आलं ते अगदी स्वच्छ आलं: जो जो. एवढे दिवस ती मनाशी विचार करायची की यांची वाचा आली तर पहिला शब्द कोणता येईल. पाणी येईल, नाही तर आयुष्यभर मारली ती हाक येईल, "ऐकलं का". तिचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. ते त्यांनी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. रामाचं नाव आलं असतं तरी तिनं समाधान मानलं असतं. पण ते म्हणाले जो जो. म्हणजे त्यांच्या मनात होतं. सात वर्षं या माणसाच्या मनात ते होतं आणि तिला पत्ता नव्हता. तिनं त्यांच्या निर्जीव पावलावर हात ठेवला. "हो," ती म्हणाली. "हो. समजलं मले."

त्यांची मुलगी कुंदा दीड वर्षाची होऊन वारली. तेव्हा ते उमरखेडला होते, मुंबई राज्याचे दिवस होते आणि मारोतराव मॅट्रिकचे पेपर तपासायला नागपूरला गेले होते. उन्हाळ्यात पोरीला घटसर्प झाला. तार मिळून ते परत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात उभे राहून त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली, आणि विचारलं, "पाणी आहे का?" तिला वाटलं, पाणी पितील आणि मग विचारतील. पाणी पिऊन ते आंघोळीला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आढ्याला बांधलेली पाळण्याची दोरी सोडली. ओढून नाही, रागानं नाही. स्टुलावर चढून एकेक गाठ नखानं उकलली, दोरीची नीट गुंडाळी केली आणि पाळण्यासकट कुणाला तरी देऊन टाकली. आठ दिवसांनी कोकिळानं तोंड उघडलं, "त्या दिवशी काय झालं…" आणि ते उठले. भांडले नाहीत, गप्प बस म्हणाले नाहीत. नुसते उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. ती थांबली. महिन्याभरानं पुन्हा म्हणाली, "त्या दिवशी…" आणि ते पुन्हा उठले. मग इंग्रजी वर्तमानपत्रातली शब्दकोडी आली. शाळेतून येताना जुना पेपर घेऊन यायचे आणि दिवे लागणीपर्यंत त्या काळ्यापांढऱ्या चौकटींत डोकं घालून बसायचे. तिला ती चौकट दारासारखी वाटायची. आतून कडी लावलेल्या. महाराष्ट्र झाला त्या साली यवतमाळला बदली झाली. इथं कुणालाच काही माहीत नव्हतं. मूल नाही एवढं लोकांना दिसायचं आणि बाया तिला व्रतं सांगायच्या. ती ऐकून घ्यायची.

त्या सकाळी मात्र तिच्या पायांना वजन नव्हतं. तिनं गोळाभात केला, वरून हिंगाचं तेल सोडलं. शेजारच्या कांताबाई कुंपणापाशी आल्या तेव्हा तिला सांगितल्यावाचून राहवलं नाही. "बोलले," ती म्हणाली.

"अव माय! काय बोलले वो?"

"बोलले," कोकिळा पुन्हा म्हणाली आणि हसली. काय ते सांगावंसं वाटलं नाही. ते दोघांचं होतं. सात वर्षांत दोघांचं असं पहिलंच काही होतं.

संध्याकाळी पूनमसिंग आला. तो कचेरीत कारकून होता. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून मुलूख तुडवला होता. तांड्यातून मॅट्रिक होणारा तो पहिला. आधी तो राजूरच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला होता, आणि तिथला साहेब विलायतेला परत जाताना त्याला एक पेटी देऊन गेला होता. तिच्यात इंग्रजी अक्षरांच्या लहान लाकडी चकत्या आणि चौकटींचा पुठ्ठा, अक्षरं जुळवून शब्द लावायचा खेळ. कुणाशी खेळावं हे कळेना म्हणून पूनमसिंग ती पेटी घेऊन शहरातल्या इंग्रजीच्या मास्तरांकडे आला, आणि तेव्हापासून रोजच येत राहिला. सुरुवातीला कोकिळाला बरं वाटलं, घरात माणूस आला म्हणून. मग कळलं की ही कडी आता दोघं मिळून लावतात. चकत्यांचा खडखडाट, मधूनच जाड शब्दकोशाची पानं, आणि मारोतरावांचं हसणं. घरात ते कधी हसत नसत. त्या खेळात हसत. आणि हसत ते लहान शब्दांवर. "मोठे शब्द कोणीही लावतो, पूनमसिंग," ते म्हणायचे. "शेवटी हातात वाकडी अक्षरं उरतात, जी कुणालाच नको असतात, त्यांचं काय करतोस ते दाखव." दोन अक्षरी, तीन अक्षरी, इंग्रजांनाही ठाऊक नसतील असले शब्द. चहा देताना तिच्या कानांवर पडायचे आणि चिंचोक्यांसारखे निसटून जायचे. एकच राहिला. एकदा मारोतराव हसत हसत म्हणाले, "हा बघ, ए आणि आय. आ-ई असा उच्चार. दक्षिण अमेरिकेतला एक आळशी प्राणी, झाडाला उलटा लटकून असतो. इंग्रजीत आई म्हणजे हे!" पूनमसिंगही हसला होता. कोकिळा कप घेऊन दारातच उभी होती. त्यांच्या लक्षात आलं नाही. तिला राग आला नव्हता; फक्त कपांतला चहा थंड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली होती.

लकवा झाल्यावरही पूनमसिंग येणं चुकवत नव्हता. पेटी उघडून पुठ्ठा मांडायचा, दोघांचेही डाव आपणच खेळायचा आणि मारोतरावांना वाचून दाखवायचा. त्या संध्याकाळी तो वहाणा काढत असतानाच कोकिळानं सांगितलं, "भाऊजी, आज हे बोलले."

"काय बोल्ले?"

तिनं सांगायला नको होतं. पण आनंद तिच्या अंगात मावत नव्हता, आणि मारोतरावांनी स्वतःच उत्तर दिलं. पूनमसिंगकडे पाहून ते म्हणाले, "झो."

पूनमसिंगनं टाळी वाजवली. "झो! वा मास्तर! वहिनी, पाहा, मास्तर वापस आले!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पेटीत हात घालून त्यानं दोन चकत्या शोधल्या आणि मारोतरावांच्या मांडीवर ठेवल्या. "झेड आन ओ. मास्तरचा हुकमाचा शब्द हाय वहिनी हा. झेड कोनाच्या हातात अडकला की मान्साची हार ठरलेली, पन मास्तर पट्कन झो लावत."

"झो म्हंजे काय?" कोकिळानं विचारलं.

"जनावर हाय एक. याक आन गाय यायच्या संकराचं. तिबेटात ऱ्हायते, ओझं वाहाले कामी येते."

"याक?"

"लंब्या केसाचा बैल समजा."

ती आत गेली. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून तिनं त्यावर पाणी शिंपडलं, मग आठवलं की चहा अजून व्हायचाय, आणि ओलं लाकूड पुन्हा आत सारून फुंकत बसली. धूर डोळ्यांत गेला ते बरं झालं. बाहेर पूनमसिंग हसत होता, "आनखी एक मास्तर, आनखी एक!" तिबेट कुठं आहे ते तिला माहीत नव्हतं. सात वर्षांनी नवऱ्यानं तोंड उघडलं ते लांब केसांच्या बैलासाठी. आणि आपण त्याच्या पायावर हात ठेवून म्हटलं, समजलं मले. तिला शरम वाटली, कुणीतरी उघडं पाहिल्यासारखी. गोळाभाताचं भांडं झाकलेलं होतं. त्याच्याकडे तिला बघवेना.

त्यानंतर शब्द येऊ लागले. बांधावरून पाणी पाझरावं तसा आज एक, परवा एक, आणि सगळे त्याच खेळातले. एफ्ट, म्हणजे पाण्यातला एक लहान सरडा. क्वा, म्हणजे त्या नात्यानं. अडिट, म्हणजे खाणीत शिरायची आडवी वाट; तो शब्द मूळचा पूनमसिंगचा, राजूरहून आणलेला. मराठी एकही नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे शब्द पडतात तोंडातून. त्यांच्यामागं काही सांगणं असतं असं समजू नका. कुणाची शिवी राहते, कुणाचा मंत्र राहतो." तिनं मान हलवली, पण पटलं नाही. शब्द काय ताटलीतले तुकडे आहेत, आपोआप पडायला? एफ्ट म्हणाले तेव्हा ते न्हाणीकडे बघत होते. आंघोळ हवी होती का? तिनं पाणी तापवलं, आणि त्यांनी निमूट अंग धुऊन घेतलं. मग ती पूनमसिंगला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून ठेवू लागली. दिवसभर तो शब्द आणि तो अर्थ तिच्या डोक्यात फिरत राहायचा. क्वा. त्या नात्यानं. कुठल्या नात्यानं? एकदा कांताबाई बसलेल्या असताना मारोतराव म्हणाले, "आ-ई." कांताबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पाहा वो, कसाही मानूस असो, शेवटी मायच आठवते." कोकिळा उठली. अंगणात जाऊन तिनं वाळत घातलेली कुरडईची चाळण उगाच सरकवली, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. एवढ्या शिकल्यासवरल्या डोक्यातून सगळं वाहून गेलं. वर्गातल्या कविता, नातेवाइकांची नावं, तिचं नाव. आणि हे खडे तेवढे तळाशी राहिले. ती त्यांना पाणी पाजताना बघायची आणि मनात म्हणायची, त्या खड्यांइतकीही माझी जागा नव्हती का?

"भाऊजी," एकदा तिनं विचारलं, "तुमी रोज बसत होते. हे काई सांगत नोते का? घरच्या गोष्टी, आंधीच्या?"

पूनमसिंगनं आठवून पाहिलं. "गोष्टी नाई केल्या कदी, वहिनी. खेळत होतो." थोड्या वेळानं म्हणाला, "मास्तर म्हनत, ज्या शब्दाचा आपल्या जिंदगीशी काई संबंध नाई, तो शब्द चांगला. तो कुठंच लागत नाई."

हे त्यानं सहज सांगितलं. ती मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

चैत्र सुरू झाला. उन्हं लोहाऱ्याकडच्या उघड्या माळावरून भाजत येऊ लागली. एका दुपारी मारोतरावांचं जेवण झालं. ते थोडंच खायचे. उरलेलं वरण, अर्धी भाकरी, भाजीचा घास त्याच ताटात कालवून ती जेवायला बसायची. लग्न झाल्यापासूनची सवय, तिला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. ती घास उचलत होती आणि खुर्चीतून ते म्हणाले, "ऑर्ट."

हा शब्द तिला ठाऊक होता. पूनमसिंगनं मागंच सांगितला होता. ऑर्ट म्हणजे ताटात उरलेलं, कुणाला नको असलेलं.

हात ताटातच थांबला. ते तिच्याकडेच बघत होते. ताटाकडे की तिच्याकडे, तिला सांगता आलं नसतं. "हो," ती म्हणाली. "उरलंसुरलं. तेच खात आली मी." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिनं ताट सारलं, खरकटा हात मांडीवर धरला आणि म्हणाली, "त्या दिवशी…"

मारोतरावांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. ते उठायला बघत होते. सवयीनं, सात वर्षांच्या सवयीनं सगळं अंग पुढं झुकलं. पण काठी पलीकडे भिंतीला टेकलेली होती आणि उजवा पाय जागचा हलला नाही. कोकिळानं काठीकडे पाहिलं. एरवी त्यांची नजर वळायच्या आत ती काठी हातात द्यायची. ती बसून राहिली.

"आज आयकाच लागन तुमाले," ती म्हणाली. "मोटार गच्च भरून होती. उमरखेडच्या डाक्टरनं म्हनलं, पुसदले न्या. तिच्या गळ्यातून शिटीवानी आवाज येऊन राह्यलता. शेजारच्या मानसाले तो आवाज सहन नाई झाला, तो उठून मागं गेला. रस्त्यात नाल्यापाशी डायवरनं गाडी थांबोली, इंजनात पानी टाकाले. सगळे उतरून झाडाखाली गेले. मी नाई उतरली. ती मायाकडं पाहून राह्यलती." ती थांबली. "मंग नाई पाहून राह्यली."

मारोतरावांनी डोळे मिटले.

"डोये नका मिटू," ती म्हणाली, आणि त्यांनी उघडले. "लोकं वापस आले. एक म्हतारी मायाजवळ बसली. म्हने, झोपली वाटते पोरगी. मी म्हनलं, हो. मेलेलं लेकरू मोटारीत ठेवत नाईत ना. तिथंच उतरून देल्लं असतं मले, त्या नाल्यापाशी, त्या उन्हात. मी एकली काय केलं असतं? म्हनून तिले मांडीवर घेऊन हालवत बसली. आन गानं म्हनत बसली. जो जो. पुसद येईपर्यंत. पदर टाकला होता तोंडावर, ऊन लागू नये म्हनून टाकते ना, तसा. म्हतारी म्हने, गोड गळा हाय बाई तुया." तिचा आवाज तिथं फाटला. ती हाताकडे बघत राहिली. बोटांवर वरण सुकलं होतं. "तुमी आले आन पानी मांगतलं. मी वाट पाह्यली. कोनी इचारलंच नाई मले, कशी गेली म्हनून. तुमी बी नाई."

दुपारचा रस्ता सामसूम होता. तिला वाटलं होतं की हे सांगून झालं की काहीतरी होईल, छातीवरचं उतरेल किंवा छाती फुटेल. तसं काही झालं नाही. तिला फक्त खूप थकल्यासारखं झालं. तिनं उठून हात धुतला, ताट मोरीत नेऊन ठेवलं, परत येऊन काठी खुर्चीला टेकवून ठेवली, त्यांचा हात पोचेल अशी. त्यांनी ती घेतली नाही. ते तसेच पुढं झुकून बसले होते, दांडीवरचा हात सुटून मांडीवर पडला होता. ती त्यांच्यापाशी, भिंतीला पाठ लावून बसली, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली ती पूनमसिंगच्या आवाजानं. तो पायरीवर बसून पेटीचं झाकण काढत होता. "आज काय बोल्ले मास्तर?"

"आज हे नाई बोलले," ती म्हणाली. "मी बोलली." आणि पदर सावरत, जशी उद्याची भाजी सांगावी तसं तिनं सांगितलं, "आमाले एक पोरगी होती भाऊजी. उमरखेडले असतानी वारली. तेच सांगत होती यायले."

पूनमसिंगचा हात पेटीवरच राहिला. "पोरगी होती?" त्यानं मारोतरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एवढी वर्षं रोजची संध्याकाळ ज्या माणसासमोर घालवली, त्याला तो आता नव्यानं बघत होता. "मले कदी… मास्तर, मले कदी सांगतलं नाई तुमी." त्यानं झाकण हळूच परत लावलं, पेटी मांडीवरून खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "नाव काय होतं, वहिनी?"

"कुंदा."

"कुंदा," तो म्हणाला. तिसऱ्या माणसाच्या तोंडून ते नाव त्या घरात पहिल्यांदाच उमटलं.

आरामखुर्ची करकरली. मारोतरावांची मान वळली होती. ओठ उघडले, जीभ मागं खेचली गेली आणि घशातून नुसता वारा आला. त्यांनी ओठ मिटले. पुन्हा उघडले. मानेची शीर फुगली, कपाळावर घाम जमला. तेवढे सगळे परके शब्द ज्या तोंडातून आपोआप पडत होते, त्या तोंडाला आता पहिलं अक्षर धरता येत नव्हतं. पूनमसिंगला बघवेना. तो पुढं वाकून हळूच म्हणाला, "कुं…"

कोकिळानं त्याच्यापुढं हात आडवा धरला. "राहू द्या भाऊजी. त्यायले करू द्या."

शब्द आला नाही. नंतरही कधी आला नाही. मृगाच्या आधी दुसरा झटका आला आणि मारोतराव गेले. पण तोवर रोज, दिवस कलला की ते मान वळवून तिच्याकडे पाहायचे आणि ओठ उघडायचे. कोकिळा हातातलं काम टाकून यायची आणि त्यांच्या समोर बसायची. पूनमसिंग पायरीवर असायचा. तिघांपैकी कोणीच बोलत नसे, आणि मारोतराव त्या दोन अक्षरांपाशी झगडत राहायचे, अंधारून येईपर्यंत.